पहिली कालवड शेजारच्या दारी

इंडियाना राज्याच्या उत्तर टोकाला, मिशिगनच्या सीमेलगत एल्कहार्ट नावाचा जिल्हा आहे. शिकागोहून पूर्वेला मोटारीनं दोन-अडीच तासांची वाट. महामार्गावरून जाणाऱ्याला हा सगळा कारखान्यांचा मुलूख वाटतो. ते खरंही आहे, कारण अमेरिकेच्या रस्त्यांवर धावणारी फिरती घरं मोठ्या संख्येनं इथेच तयार होतात. पण गोशेन गावातून मिडलबरीच्या दिशेनं आडरस्त्याला लागलं की दोन मैलांत देखावा पालटतो. मक्याची आणि सोयाबीनची शेतं, पांढरे रंगवलेले प्रशस्त गोठे, त्यांना खेटून उभ्या मुरघासाच्या उंच टाक्या, आणि डांबरी रस्त्याच्या कडेनं टापा वाजवत चाललेल्या काळ्या घोडागाड्या. या गाड्या आमिश पंथीयांच्या. त्यांच्या घरांकडे विजेच्या तारा वळत नाहीत, अंगणातल्या दोरीवर गडद रंगाचे कपडे वाळत असतात आणि फाटकाशी अंडी, मध, भोपळे विकायला असल्याची हातानं लिहिलेली पाटी दिसते. गोशेनहून शिपशेवानाकडे जाणारा पम्पकिनवाइन नावाचा जुना लोहमार्ग होता. रूळ उखडून तिथे आता सायकलींची वाट केली आहे, आणि तिच्यावरून जाताना ही सगळी शेती हाताच्या अंतरावरून बघता येते.

याच परिसरात डॅन वेस्ट यांची शेती होती. गरजू कुटुंबांना गायीगुरं देणाऱ्या ज्या संस्थेला आज जगभर हायफर इंटरनॅशनल म्हणून ओळखतात (हायफर म्हणजे कालवड), तिची कल्पना या शेतकऱ्याची. तिचा प्रवास इथून निघून पोर्तो रिको, पोलंड, कोरिया, युगांडा असा झाला. तो नकाशावर बघायचा तर गायींच्या मागावरूनच जावं लागतं.

वेस्ट यांचा जन्म ३१ डिसेंबर १८९३ चा, शेजारच्या ओहायो राज्यातला. घराणं ‘चर्च ऑफ द ब्रदरन’ या पंथाचं. हा पंथ १७०८ मध्ये जर्मनीतल्या श्वार्त्सेनाऊ गावी सुरू झाला, तिथल्या छळाला कंटाळून अमेरिकेत आला आणि पेनसिल्व्हेनिया, ओहायो, इंडियानाच्या शेतीत स्थिरावला. क्वेकर आणि मेनोनाइट या पंथांप्रमाणे हे लोकही युद्ध मानत नाहीत. साधं राहणं, हातानं काम करणं आणि शस्त्र न उचलणं हा त्यांचा धर्माचार. पहिल्या महायुद्धात भरतीचा हुकूम आला तेव्हा तरुण डॅननं हत्यार घ्यायला नकार दिला.

महाराष्ट्राला हा पंथ अगदीच अनोळखी नाही. १८९४ मध्ये त्यांचे मिशनरी भारतात आले, वलसाडला त्यांनी ठाणं केलं आणि तिथून त्यांचं काम डहाणू, पालघर, वाड्याच्या आदिवासी पट्ट्यात पसरलं. डहाणूत त्यांनी दवाखाना चालवला आणि गावोगावी शाळा काढल्या. १९७० मध्ये या मंडळ्या उत्तर भारताच्या चर्चमध्ये विलीन झाल्या.

वेस्ट शिक्षक होते, पंथाच्या तरुण मंडळींचे संघटक होते आणि शेतकरीही होते. वर्षातले कितीतरी महिने ते दौऱ्यावर असत, तेव्हा शेत आणि मुलांचा संसार पत्नी लुसी सांभाळत. त्यांच्या साधेपणाच्या आठवणी या भागात अजून निघतात. जगात भाकरीवाचून माणसं आहेत तोवर केक खायचा नाही, असा त्यांचा नेम होता म्हणतात. शेतकरी मंडळी हे कौतुकानं सांगतात, पण वेस्ट यांचं मोठेपण त्या नेमात नाही. उपाशी माणसाच्या हातात नेमकं काय ठेवायचं याचा विचार त्यांनी केला, त्यात ते आहे.

हा विचार सुचला स्पेनमध्ये. १९३७ साली स्पेनचं यादवी युद्ध भडकलेलं होतं. मालागा पडल्यावर हजारो कुटुंबं किनाऱ्याकिनाऱ्यानं पळत मुर्सिया भागात येऊन पडली होती. क्वेकर, मेनोनाइट आणि ब्रदरन या तिन्ही शांततावादी पंथांनी मिळून स्पेनमध्ये मदतकार्य चालवलं होतं आणि वेस्ट त्यात स्वयंसेवक म्हणून गेले. मदतीत दुधाची भुकटी येई. ती पाण्यात कालवायची आणि पेल्यापेल्यानं रांगेतल्या पोरांना वाटायची. पण भुकटी कमी आणि रांग लांब. दूध कुणाला द्यायचं आणि कुणाला परत पाठवायचं, हे वाटणाऱ्यालाच ठरवावं लागे. ज्याच्या घरी इंडियानात गायी बांधलेल्या होत्या आणि लेकरं पोटभर दूध पीत होती, त्याला हे काम किती जड गेलं असेल हे वेगळं सांगायला नको.

शेतकऱ्याचा हिशेब इथे कामाला आला. भुकटीचा डबा आज उघडला की आठवड्यानं रिकामा होतो आणि माणूस पुन्हा रांगेत उभा राहतो. गाय मात्र चारा-पाण्यावर दूध देते, शेणानं शेत सुधारते आणि साधारण वर्षाला वासरू देते. तेव्हा पेलाभर दुधाऐवजी गायच का देऊ नये? वेस्ट १९३८ मध्ये परतले ते हाच प्रश्न घेऊन. त्याला त्यांनी एक अट जोडली आणि पुढचं सगळं काम त्या अटीवर उभं राहिलं. ज्याला गाय मिळेल त्यानं तिची पहिली कालवड दुसऱ्या गरजू कुटुंबाला द्यायची. म्हणजे आज ज्याच्या दारात मदत आली, तो एक-दोन वर्षांत स्वतः देणारा होतो. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, याची सोय या एका अटीत आहे.

कल्पना शेतकऱ्यांना पटली, पण ती हलायला वेळ लागला. उत्तर इंडियानाच्या ब्रदरन शेतकऱ्यांनी समिती नेमली. १९४२ मध्ये जिल्ह्याच्या मंडळीनं योजना उचलून धरली आणि पाठोपाठ पंथाच्या राष्ट्रीय सेवा समितीनंही. कुणी कालवड दिली, कुणी चारा, कुणी ती वाढवायची जबाबदारी घेतली. सुरुवातीच्या तीन कालवडींची नावं फेथ, होप आणि चॅरिटी, म्हणजे श्रद्धा, आशा आणि दया अशी ठेवली होती. गावातल्या पोरांनी त्या कालवडी सांभाळल्या. अडचण वेगळीच होती. दुसरं महायुद्ध पेटलेलं, अटलांटिकमध्ये पाणबुड्या फिरताहेत आणि युरोपकडे जनावरं नेणारं जहाज मिळत नाही. कालवडी मोठ्या होत होत्या, गाभण राहत होत्या आणि समितीचे लोक बंदराच्या शोधात होते.

वाट निघाली ती पोर्तो रिकोकडे. १९४४ च्या उन्हाळ्यात नॅपनी गावच्या रेल्वे यार्डातून कालवडी मालगाडीत चढवल्या गेल्या. मिडलबरीपासून नॅपनी फार लांब नाही आणि आजही ते लहानसंच गाव आहे. तिथून दक्षिणेला पार अलाबामाच्या मोबील बंदरापर्यंत गाडी गेली. जुलैत १७ कालवडी जहाजावर चढल्या. फेथ त्यात होती.

पोर्तो रिको हे बेट म्हटलं की पर्यटकाच्या डोळ्यांपुढे सान हुआनचे किल्ले आणि समुद्रकिनारे येतात. गायी गेल्या त्या भागाचं रूप वेगळं आहे. किनारा सोडून मध्यभागाच्या डोंगरात शिरलं की रस्ता वळणावळणानं चढू लागतो, उतारांवर कॉफी आणि केळी दिसतात आणि घरं उतारावर तोलून उभी असतात. या डोंगरातल्या कास्तान्येर गावी ब्रदरन मंडळींनी १९४२ पासून सेवाकेंद्र चालवलं होतं. युद्धात लढायला नकार देणाऱ्या तरुणांनी तिथे दवाखाना उभा केला, आणि कास्तान्येरचं रुग्णालय आजही त्या डोंगरातल्या लोकांच्या उपयोगी पडतं. त्या काळी बेटावरच्या गरीब घरांत लहान मुलांना दूध क्वचितच मिळे. फेथ ज्या घरी गेली, तिथे दहा मुलं होती.

पाठवायच्या जनावराची निवडही विचारपूर्वक असे. कालवड निरोगी हवी, क्षयाची आणि संसर्गजन्य गर्भपाताची तपासणी झालेली हवी आणि शक्यतो गाभण हवी. दारात गाय आली आणि दुधासाठी दोन वर्षं थांबावं लागलं, तर तोवर ती पोसायची कशी? गाभण कालवड पोचल्यावर काही महिन्यांत विते आणि घरात दूध सुरू होतं.

युद्ध संपलं आणि कामाचा पसारा एकदम वाढला. युरोपात लढाईनं माणसांबरोबर जनावरंही संपवली होती. पोलंडमध्ये नांगर ओढायला घोडा नव्हता, ग्रीसमध्ये गोठे ओस पडले होते. संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन प्रशासनानं, म्हणजे ‘अन्रा’नं, जहाजं भरून जनावरं पाठवायचं ठरवलं. त्यांच्याकडे जहाजं होती, पण वाटेत जनावरं सांभाळणारी माणसं नव्हती. ब्रदरन सेवा समितीकडे नेमकी तीच होती. करार झाला. समितीनं माणसं पुरवायची आणि बदल्यात अन्रानं त्यांच्या कालवडी फुकट न्यायच्या. १९४५ ते १९४७ या काळात अशा सुमारे ३६० खेपा झाल्या, तीन लाखांच्या आसपास जनावरं गेली, त्यात घोडे फार, आणि जवळपास ७,००० माणसं त्यांच्याबरोबर समुद्रावर गेली. लोक त्यांना ‘सीगोइंग काउबॉय’ म्हणत. शेतकरी, शिक्षक, धर्मोपदेशक, कॉलेजातली पोरं असे सगळे त्यांत होते. जेमतेम सोळा वर्षांचेही होते. एका खेपेचा मेहनताना १५० डॉलर.

बहुतेकांनी त्याआधी समुद्र पाहिलेला नव्हता. जहाजाच्या डेकवर आणि खालच्या मजल्यांवर लाकडी फळ्यांचे कप्पे ठोकलेले असत. सकाळी उठून बादल्यांनी पाणी पाजायचं, जहाजाच्या तळातून गवताचे गठ्ठे दोरानं वर ओढायचे, गव्हाणी भरायच्या, शेण काढायचं आणि संध्याकाळी पुन्हा तेच. खालच्या मजल्यावर उकाडा आणि मुताचा दर्प इतका असे की नाक धरूनच उतरावं लागे. वादळ आलं की माणसं ओकत आणि घोडे पाय घसरून पडत. जनावर मेलं तर क्रेननं उचलून समुद्रात सोडावं लागे. गाय मध्यसमुद्रात व्याली की मात्र जहाजभर आनंद पसरे आणि खलाशीही दूध मागायला येत. वाटेत युद्धकाळात पेरलेले सुरुंग तरंगत होते, ती भीती वेगळी. पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या बंदरात उतरल्यावर या पोरांनी विटांच्या ढिगाऱ्यांचं शहर पाहिलं. शांततेचे धडे घरी आणि चर्चमध्ये ऐकलेले होते, युद्धानं काय होतं ते इथे दिसलं. पेगी राइफ मिलर या लेखिकेनं पुढे या लोकांच्या रोजनिशा, पत्रं, छायाचित्रं वर्षानुवर्षं गोळा केली. त्यांचे आजोबा अशाच एका जहाजावर गेले होते.

शत्रू आणि मित्र हा भेद या कामात ठेवला गेला नाही. जपानला आणि ओकिनावाला शेळ्या गेल्या. पूर्वेकडून हाकलून दिलेल्या आणि पश्चिम जर्मनीत आसरा घेतलेल्या शेतकऱ्यांना कालवडी गेल्या. काही वर्षांपूर्वी ज्यांच्याशी अमेरिका लढत होती, त्यांच्याच दारात इंडियानाच्या आणि ओहायोच्या शेतकऱ्यांची जनावरं बांधली गेली. युद्धाला नकार देणाऱ्या माणसानं सुरू केलेल्या कामाला हे साजेसंच होतं. कोरियाचं युद्ध चालू असताना, १९५२ मध्ये, उबवणीची सुमारे दोन लाख अंडी विमानानं तिकडे पोचवली गेली. पुढच्या दोन तपांत गायी, डुकरं, शेळ्या, मधमाश्यांच्या पेट्या अशा खेपा जात राहिल्या आणि तीन हजारांहून अधिक जनावरं दक्षिण कोरियात उतरली.

वेस्ट ७ जानेवारी १९७१ रोजी गेले. त्याच वर्षी संस्थेनं आपलं ठाणं दक्षिणेला, आर्कान्सा राज्यात हलवलं आणि तिथली राजधानी लिटल रॉकच्या पश्चिमेला तासाभराच्या अंतरावर, पेरीव्हिल गावाजवळ कुरण विकत घेतलं. बाहेर पाठवायची जनावरं ठेवायला जागा हवी होती. आज ‘हायफर रँच’ म्हणून ओळखलं जाणारं हे सुमारे १,२०० एकरांचं कुरण वॉशिता डोंगरांच्या पायथ्याशी पसरलेलं आहे. उत्तर इंडियानाची सपाट काळी जमीन बघून आलेल्याला इथली उंचसखल, झाडीची जमीन वेगळी वाटते. गायी, मेंढ्या, डुकरं, कोंबड्या इथे गवतावर चारल्या जातात. एका तुकड्यातलं गवत खाऊन झालं की जनावरं पुढच्या तुकड्यात हलवायची आणि मागच्या तुकड्याला विसावा द्यायचा, अशी पद्धत. आसपासच्या लहान शेतकऱ्यांना ती इथे शिकवली जाते.

या कुरणात बराच काळ शाळा-कॉलेजांच्या तुकड्या मुक्कामाला येत. जगातल्या वेगवेगळ्या गरीब वस्त्यांसारखी घरं तिथे बांधली होती. रात्रीपुरती एखाद्या गटाला झोपडी मिळे, एखाद्याला बरं घर. कुणाच्या वाट्याला तांदूळ येत पण सरपण नसे, कुणाकडे सरपण असे पण पाणी नसे. मग आपसात देवघेव करून चूल पेटवायची. फ्रिज उघडायची सवय असलेल्या मुलांना एका वेळच्या जेवणामागचं काम एका रात्रीत कळे.

चुकांतूनही शिकणं झालं. थंड प्रदेशातली जातिवंत गाय उष्ण मुलखात नेली की तिला गोचीड, उकाडा आणि अपुरा चारा बेजार करत. जिथे माणसालाच पाणी लांबून आणावं लागतं, तिथे रोज भरपूर पाणी पिणारी गाय ओझं होते. म्हणून अमेरिकेतून जनावरं पाठवणं थांबलं आणि त्या त्या मुलखातली, तिथल्या हवेला सरावलेली जनावरं घ्यायची पद्धत पडली. कुठे शेळी, कुठे कोंबड्या, कुठे मधमाश्या. जनावर देण्याआधी कुटुंबाला शिकवणं आलं. गोठा आधी बांधायचा, हत्ती गवतासारखी वैरण आधी लावायची, लसीकरण आणि धार काढणं समजून घ्यायचं. गोठ्याची तयारी दिसल्यावरच जनावर दारात येतं. त्याची मालकी बाईच्या हातात राहील, याकडेही लक्ष दिलं जाऊ लागलं.

युगांडातल्या एका शेळीची गोष्ट अमेरिकेतल्या पुष्कळ मुलांना माहीत आहे. पश्चिम युगांडातल्या बिएट्रिस बिरा या मुलीच्या घरी एक शेळी आली. शाळेची फी भरायची ऐपत नसल्यामुळे बिएट्रिस घरीच बसलेली होती. शेळी व्याली, दूध विकून पैसे साठले आणि ती मुलगी शाळेत गेली. तिच्या या कहाणीवर २००१ मध्ये ‘बिएट्रिसेस गोट’ हे मुलांचं पुस्तक निघालं. पुढे ती अमेरिकेत शिकायला गेली आणि २००८ मध्ये कनेक्टिकट कॉलेजातून पदवीधर झाली. शेजारच्या रुआंडात सरकारनंच २००६ मध्ये गरीब कुटुंबांना गाय देण्याची ‘गिरिंका’ योजना सुरू केली, आणि पहिली कालवड शेजाऱ्याला द्यायची ही तिथलीही अट आहे.

मराठी वाचकाला या पद्धतीत ओळखीचं काही दिसेल. आपल्याकडे खेड्यांत शेळी किंवा गाय अर्धलीनं सांभाळायला देतात. जनावर एकाचं, राखण दुसऱ्याची आणि करडं-वासरं निम्मी-निम्मी. भूमिहीन बाईच्या दारात पहिली शेळी पुष्कळदा अशीच येते. फरक पुढच्या वाटेत आहे. अर्धलीत निम्मा वाटा मूळ मालकाकडे परततो. वेस्ट यांच्या अटीत देणाऱ्याकडे काहीच परत येत नाही, कालवड पुढच्या दारी जाते आणि तिथून तिची कालवड आणखी पुढे.

ही साखळी किती लांब जाते याचा दाखला नेपाळमध्ये बघायला मिळतो. कोरियाचा दुग्धव्यवसाय युद्धानंतर नव्यानं उभा राहिला, त्यात या देणगीच्या गायींचाही वाटा होता. आपल्याला मिळालेलं आता पुढे द्यायचं, असं तिथल्या लोकांनी ठरवलं. डिसेंबर २०२२ मध्ये दक्षिण कोरियाच्या इंचॉन विमानतळावरून दुधाळ होल्स्टीन जातीच्या कालवडी काठमांडूकडे निघाल्या. टप्प्याटप्प्यानं १०१ कालवडी पोचल्या आणि त्या सिंधुली जिल्ह्यातल्या कमलामाई नगरपालिकेच्या हद्दीतल्या कुटुंबांना देण्यात आल्या. मोबीलच्या धक्क्यावरून पहिलं जहाज सुटल्याला तेव्हा ७८ वर्षं झाली होती.

सिंधुली हा डोंगराळ जिल्हा आहे आणि कोरियाची होल्स्टीन गाय मैदानी गोठ्यात वाढलेली असते. स्थानिक गायीपेक्षा ती कितीतरी जास्त दूध देते, पण तिला चाराही तसाच लागतो. डोंगरउतारावर बारमाही हिरवी वैरण कशी पिकवायची, आजारी गायीपर्यंत पशुवैद्य वेळेत कसा पोचवायचा, निघालेलं दूध संकलन केंद्रापर्यंत कसं न्यायचं, या प्रश्नांवर तिथले शेतकरी आणि हायफर नेपाळचे कार्यकर्ते काम करत आहेत.